केगल सरसकट सगळ्यांसाठी नाही : ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंविषयी वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात गुडघेदुखीवरील उत्तराच्या ओघात, जिना चढताना लघवी सुटत असेल तर तीही तक्रार डॉक्टरांच्या कानावर घालावी, असे एक वाक्य मी लिहिले होते. गुडघ्यांपेक्षा त्या एका वाक्यावरच अधिक पत्रे आली. बहुतेक पत्रांवर नाव नाही, काहींवर केवळ उपनगराचा उल्लेख आहे, आणि 'हे विचारायचे कोणाला' हा प्रश्न जवळजवळ प्रत्येक पत्रात आहे. त्यांतील पाच पत्रे, लिहिणाऱ्यांची ओळख पटणार नाही अशा बेताने, येथे घेतली आहेत. उत्तरे मी फिजिओथेरपिस्ट या नात्याने दिली आहेत. औषध आणि शस्त्रक्रिया यांचा निर्णय तुमच्या स्त्रीरोगतज्ज्ञांनी किंवा मूत्रविकारतज्ज्ञांनी तुम्हाला तपासूनच घ्यायचा आहे.

प्रश्न : माझे वय ३१. नऊ महिन्यांपूर्वी नॉर्मल डिलिव्हरी झाली; बाळ साडेतीन किलोंचे होते आणि शेवटी चिमटा लावावा लागला. आता पुन्हा कामावर रुजू झाले आहे. डोंबिवली स्टेशनचा पूल घाईने चढताना, शिंकताना किंवा बाळाला पटकन उचलताना लघवीचे थेंब सुटतात. आई म्हणते, पोट नीट बांधले नाहीस म्हणून असे झाले. सासूबाई म्हणतात, बायकांना हे चालायचेच. मोबाइलवर बघून महिनाभर केगल व्यायाम (ओटीपोटाच्या तळाचे स्नायू आवळण्या-सोडण्याचा) केला, पण फरक पडला नाही म्हणून सोडून दिला. दुसऱ्या बाळंतपणानंतरच एकदाचे उपचार घ्यावेत का?

उत्तर : थांबण्याचे काहीच कारण नाही. दुसऱ्या गर्भारपणाआधी हे स्नायू जितके सावरलेले असतील तितके तुमच्याच पथ्यावर पडेल.

पुढे जांघांच्या मधोमध हाताला लागणारे हाड आणि मागे माकडहाड यांच्या दरम्यान स्नायूंचा एक थर झोळीसारखा ताणलेला असतो. मूत्राशय, गर्भपिशवी आणि गुदाशय यांना त्याचा आधार असतो आणि मूत्रमार्ग, योनी व गुदद्वार या तिन्ही वाटा त्याच्यातूनच बाहेर पडतात. शिंक आली की पोटातला दाब एकदम वाढतो. स्नायू निरोगी असतील तर ते त्याच क्षणी, किंबहुना किंचित आधीच, आवळले जातात आणि मूत्रमार्ग बंद राहतो. प्रसूतीच्या वेळी बाळाचे डोके बाहेर यावे म्हणून याच स्नायूंना प्रचंड ताणावे लागते. बाळ वजनदार असले, चिमटा लावावा लागला किंवा जोर करण्याचा टप्पा लांबला, तर हे स्नायू किंवा त्यांना चेतना पुरवणाऱ्या नसा दुखावण्याची शक्यता वाढते. सिझेरियनने हा धोका कमी होतो, पण नाहीसा होत नाही, कारण गर्भारपणाचा भार या स्नायूंनी तोवर वाहिलेलाच असतो. बाळंतपणानंतरच्या पहिल्या काही महिन्यांत साधारण तीनपैकी एकीला हा त्रास होतो. त्यामुळे सासूबाईंचे म्हणणे इतक्यापुरते बरोबर आहे की, हे अनेकींना होते. त्यावर इलाज नाही, असे मात्र नाही. आईंच्या म्हणण्याविषयी सांगायचे तर, पोट बांधल्याने कंबरेला आधार वाटतो आणि तेवढ्यासाठी ते सैलसर बांधायला हरकत नाही. पण तळाचे स्नायू त्याने बळकट होत नाहीत, आणि श्वास अडेल इतके आवळून बांधले तर पोटातला भार उलट खालीच ढकलला जातो.

आता तुमच्या महिनाभराच्या व्यायामाविषयी. आर्नल्ड केगल या अमेरिकी स्त्रीरोगतज्ज्ञांनी १९४८ मध्ये हा व्यायाम मांडला, तेव्हा स्नायू किती जोराने आवळले जातात हे मोजणारे एक साधन ते वापरत असत आणि त्यावरचा काटा स्त्रीला स्वतःला दिसत असे. आपण करतो ते बरोबर आहे की नाही, हे तिला दर वेळी कळत होते. मोबाइलवरच्या व्हिडिओंत नेमका हाच भाग गळून गेला आहे, आणि केवळ तोंडी सूचनेवर व्यायाम करणाऱ्या पुष्कळ जणी तो उलटा करतात, असा आमचा रोजचा अनुभव आहे.

तेव्हा आधी खात्री करून घ्या. उताणे झोपून गुडघे दुमडा आणि एक हात पोटावर ठेवा. चारचौघांत वायू अडवून धरताना गुदद्वार जसे आवळतो तसे ते आवळा आणि तोच आवळ पुढे मूत्रमार्गापर्यंत न्या. काहीतरी आत आणि वर ओढले गेल्याची जाणीव व्हायला हवी. कुल्ले घट्ट झाले, मांड्या एकमेकींकडे आल्या, पोट हाताखाली फुगले किंवा श्वास रोखला गेला, तर भलतेच स्नायू काम करत आहेत असे समजावे. छोटा आरसा धरून पाहिले, तर योनी आणि गुदद्वार यांच्यामधला भाग आवळताना किंचित आत जाताना दिसतो. तो बाहेर फुगत असेल, तर तुम्ही आवळत नसून कुंथत आहात, आणि मग महिनाभर केलेल्या व्यायामाचा गुण न येणे स्वाभाविकच आहे.

आवळणे जमू लागले की ते जमेल तितके सेकंद, सुरुवातीला तीन किंवा चार, धरून ठेवा. मग तितकाच वेळ, शक्य तर त्याहून अधिक वेळ, पूर्ण सैल सोडा. हे सैल सोडणे व्यायामाचाच भाग आहे, त्यात घाई करू नये. एका वेळी आठ ते बारा आवर्तने, दिवसातून तीनदा, आणि प्रत्येक वेळी शेवटी पाच-सहा झटपट आवळ, असा क्रम ठेवून हळूहळू दहा सेकंदांपर्यंत जावे. आधी झोपून, मग बसून आणि शेवटी उभ्याने करावे, कारण पूल आपण उभ्यानेच चढतो. लघवी करताना मध्येच धार थांबवण्याचा सराव पुष्कळ ठिकाणी सुचवला जातो. तो करू नका, त्याने मूत्राशय पूर्ण रिकामे होण्यात अडथळा येऊ शकतो. याउलट शिंक किंवा खोकला येतो आहे असे जाणवताच, तसेच बाळाला उचलण्याच्या आधी, स्नायू मुद्दाम आवळून धरण्याची सवय लावून घ्या. काहींना एवढ्याने पहिल्या काही दिवसांतच फरक जाणवतो. स्नायूंची ताकद वाढायला मात्र किमान तीन महिने द्यावे लागतात; तुमचा महिना व्यायाम बरोबर झाला असता तरी अपुराच होता.

तीन महिन्यांनी फरक नसेल, किंवा आवळल्याची जाणीवच होत नसेल, तर स्त्रियांच्या आरोग्यावर काम करणाऱ्या फिजिओथेरपिस्टकडे जावे. तेथे तुमची संमती घेऊन, हातमोजा घालून, एका बोटाने योनीतून स्नायू तपासले जातात. या तपासणीचा संकोच वाटतो हे मला ठाऊक आहे. तपासणी सुरू असताना कोणत्याही क्षणी थांबायला सांगण्याचा तुम्हाला हक्क आहे, हेही लक्षात असू द्या. खासगी खर्च परवडत नसेल तर परळचे केईएम, मुंबई सेंट्रलचे नायर किंवा शीवचे लोकमान्य टिळक या पालिकेच्या रुग्णालयांत स्त्रीरोग आणि फिजिओथेरपी हे दोन्ही विभाग आहेत. स्त्रीरोगाच्या ओपीडीचा केसपेपर काढून डॉक्टरांकडे फिजिओथेरपीची चिठ्ठी मागावी.

प्रश्न : वय ४८. रोज बोरिवलीहून चर्चगेटला बँकेत जाते. लोकलमध्ये स्वच्छतागृह नसल्याने सकाळी चहाखेरीज काही पीत नाही. निघण्याआधी दोनदा जाऊन येते, ऑफिसात पोचल्याबरोबर पुन्हा, आणि मग जवळजवळ दर तासाला. संध्याकाळी घराच्या दाराला किल्ली लावते त्याच क्षणी इतकी जोराची लागते की, कधीकधी उंबऱ्यातच कपडे ओले होतात. शिंकताना, खोकताना काही होत नाही. केगल सुरू करू का?

उत्तर : मागील पत्रातील ताईंची तक्रार आणि तुमची तक्रार वरवर सारखी दिसली तरी कारण निराळे आहे. त्यांचे दुखणे लघवी अडवून धरणाऱ्या तळाच्या स्नायूंचे आहे, तुमचे मूत्राशयाच्या स्नायूचे. मूत्राशय पुरते भरण्याआधीच त्याची भिंत आकुंचन पावते आणि घाईची, अडवता न येणारी संवेदना होते. दाराला किल्ली लावताना किंवा नळाचे पाणी वाहताना ऐकून ती उसळते, कारण त्या कृतीची आणि लघवीची सांगड मेंदूत बसून गेलेली असते.

दोन गोष्टींनी हा त्रास तुमच्या नकळत वाढला आहे. पहिली म्हणजे पाणी न पिणे. त्याने लघवी कमी वेळा लागेल असा समज असतो, पण लघवी दाट झाली की ती मूत्राशयाच्या अस्तराला चेतवते, बद्धकोष्ठ होते आणि जंतुसंसर्गालाही वाव मिळतो. दुसरी गोष्ट म्हणजे 'लागली नाही तरी जाऊन यावे' ही सवय. निरोगी मूत्राशयात साधारण ३०० ते ५०० मिलिलिटर लघवी मावते; ते सतत अर्धे भरलेलेच रिकामे करत राहिले, तर थोड्याशा लघवीलाही हाक देण्याचे वळण त्याला पडते. यात दोष सर्वस्वी तुमचा आहे असे मी म्हणणार नाही. ज्या शहरात लाखो स्त्रिया रोज तास-दीड तास लोकलमध्ये उभ्याने प्रवास करतात, तेथे स्टेशनवरचे स्वच्छतागृह उघडे असेल, त्याला कडी असेल आणि आत पाणी असेल याची खात्री कोणी देऊ शकत नसेल, तर बाई पाणी पिणे सोडणार नाही तर काय करणार? 'राइट टू पी' ही मोहीम मुंबईत २०११ पासून स्त्रियांसाठी मोफत, स्वच्छ मुताऱ्या मागते आहे. त्या मागणीकडे केवळ नागरी सोय म्हणून न पाहता आरोग्याचा प्रश्न म्हणूनही पाहायला हवे.

आधी लघवीची साधी तपासणी आणि रक्तातील साखर पाहून घ्या, कारण संसर्ग किंवा मधुमेह असेल तर पुढचे सारे प्रयत्न वाया जातात. लघवीत रक्त दिसले, जळजळ किंवा ताप असला, तर मात्र वाट न पाहता डॉक्टरांकडे जावे. त्यानंतर तीन दिवसांची वही ठेवा. काय व किती प्यालात, कधी गेलात, मापाच्या भांड्यात किती भरली आणि घाई किती होती, हे सारे तिच्यात लिहा. वही पाहिली की उपचाराची दिशा बहुधा तिथेच कळते. वहीत दर तासाला १०० मिलिलिटर दिसले, तर पहिल्या आठवड्यात एका तासाऐवजी सव्वा तास थांबायचे, पुढच्या आठवड्यात दीड, असे करत अडीच-तीन तासांपर्यंत जायचे. याला किमान सहा आठवडे लागतात आणि शनिवार-रविवारी घरी असताना सुरुवात करणे सोपे जाते.

मध्येच हाक आली तर धावू नका. धावल्याने मूत्राशयावर दाब येतो आणि घाई आणखी वाढते. जागीच उभ्या राहा किंवा बसा, तळाचे स्नायू पाच-सहा वेळा झटपट आवळा, लक्ष दुसरीकडे न्या. आपल्या रोजच्या गाडीची स्टेशने उलट क्रमाने म्हणणे हा माझ्या एका रुग्णाने शोधलेला उपाय आहे आणि तो मी आता सर्वांना सांगते. लाट ओसरते, ती ओसरल्यावर मग शांतपणे चालत जावे. म्हणजे तुमच्या प्रश्नाचे उत्तर असे की, स्नायू आवळायला शिकावे लागेलच, पण ते ताकदीसाठी नव्हे, तर हाक परतवण्यासाठी. चहा-कॉफी कमी करून दिवसभरात दीड ते दोन लिटर पाणी थोडे थोडे प्यावे, उन्हाळ्यात अधिक. एवढे करूनही त्रास राहिला तर मूत्राशय शांत करणारी औषधे आहेत. ती डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावीत, कारण त्यांतील काहींनी तोंड कोरडे पडते आणि बद्धकोष्ठ होते.

प्रश्न : वय २७, राहणार लालबाग. लग्नाला दीड वर्ष झाले, पण शरीरसंबंध होऊ शकलेला नाही. प्रयत्न केला की भिंत लागल्यासारखे होते आणि असह्य दुखते. डॉक्टर मॅडमनी तपासायचा प्रयत्न केला तेव्हाही मी आपोआप मागे सरकले. लघवी सुरू व्हायला वेळ लागतो, शौचालाही खडा होतो. इंटरनेटवर वाचून 'खालचे स्नायू मजबूत व्हावेत' म्हणून रोज दोनशे वेळा केगल करते. त्याने दुखणे वाढल्यासारखे वाटते. नवरा समजूतदार आहे, पण घरचे 'गोड बातमी कधी' म्हणून विचारतात.

उत्तर : केगल आजपासून बंद करा. या अंकातील सर्व पत्रांत मला सर्वांत तातडीचे उत्तर द्यावेसे वाटले ते याच पत्राला.

ओटीपोटाच्या तळाचे स्नायू जसे सैल पडतात तसेच ते कायमचे आखडूनही राहतात. आखडलेला स्नायू बळकट नसतो, तो थकलेला आणि दुखरा असतो. त्याला आणखी दोनशे वेळा आवळायला लावले तर दुखणे वाढणारच. लघवी सुरू व्हायला वेळ लागणे, शौचाला जोर करावा लागणे आणि संबंधाच्या वेळी आत जाऊच न शकणे, या तिन्ही तक्रारी एकत्र येतात तेव्हा स्नायू सैल सोडता येत नसल्याची शंका घ्यावी लागते. गुदाशयाभोवती असलेला या थराचा एक पट्टा शौचाच्या वेळी सुटायला हवा. तो सुटण्याऐवजी आवळला गेला, तर मल मऊ असूनही बाहेर येत नाही. केगल म्हणजे सर्व खालच्या तक्रारींवरचा रामबाण, ही समजूत किती नुकसान करते, ते तुमच्या पत्रावरून कळते.

हे तुम्ही मुद्दाम करत नाही. दुखेल या भीतीने स्नायू आपोआप आवळले जातात, आवळल्याने दुखते, आणि दुखल्याने भीती पक्की होते. 'मन घट्ट कर', 'एकदा सहन कर म्हणजे होईल', असले सल्ले देणाऱ्यांपासून चार हात दूर राहा. सहन करून केलेला प्रत्येक प्रयत्न हे चक्र अधिक घट्ट करतो. म्हणून तूर्त प्रवेशाचा प्रयत्न पूर्ण थांबवा आणि तो निर्णय दोघांनी मिळून घेतला आहे असे ठरवा. जवळीक थांबवण्याची गरज नाही.

स्त्रीरोगतज्ज्ञांना पुन्हा भेटा, पण या वेळी आधीच सांगा की, तपासणीला घाबरता. पहिल्या भेटीत नुसते बोलणे झाले तरी चालते. एंडोमेट्रिओसिस (गर्भपिशवीच्या अस्तरासारखे अस्तर पिशवीबाहेर वाढणे), जंतुसंसर्ग किंवा योनीच्या त्वचेचे विकार यांमुळेही दुखते, ते नाहीत याची खात्री व्हायला हवी. स्नायूंचे काम नंतर सुरू होते. उताणे झोपून, गुडघ्यांखाली उशी घेऊन, श्वास पोटात भरा. श्वास घेताना पोट वर येते तसाच तळाचा थरही किंचित खाली उतरतो, ती हालचाल ओळखायला शिकणे हा पहिला धडा. श्वास आत घेताना सैल, सोडताना काहीही आवळायचे नाही, एवढेच रोज दहा-पंधरा मिनिटे. बालासन (गुडघ्यांवर बसून, पुढे वाकून कपाळ जमिनीला टेकवणे) आणि कोमट पाण्याचा शेक यांनी पुष्कळांना आराम पडतो. पुढे फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली तुमच्याच हाताने, तुमच्याच गतीने, वेगवेगळ्या जाडीचे डायलेटर, म्हणजे योनीत हळूहळू घालायच्या गुळगुळीत नळकांड्या, वापरायला शिकवले जाते. सर्वांत बारीक डायलेटर करंगळीहून जाड नसतो, आणि वेदना झाली तर त्या दिवशी तेथेच थांबायचे असते. यासोबत दोघांनी मिळून समुपदेशन घेतले तर गुण लवकर येतो.

शौचासाठी पाश्चात्त्य कमोड असेल तर पायांखाली वीतभर उंचीचे स्टूल घ्या, गुडघे कमरेपेक्षा वर येऊ द्या आणि कोपरे मांड्यांवर टेकवून थोडे पुढे वाका. त्या बैठकीत गुदाशयाची वाट सरळ होते. उकिडवे बसण्याच्या आपल्या जुन्या पद्धतीत हे आपोआप होत असे. या दुखण्याला चांगला गुण येतो, मात्र आठवड्यांत नव्हे, महिन्यांत. तोवर घरच्यांच्या चौकशीला काय उत्तर द्यायचे ते नवऱ्याने त्याच्या माणसांना द्यावे. ते काम तुमचे नाही.

प्रश्न : आम्ही वर्सोवा कोळीवाड्यातले. आई ६३ वर्षांची आहे, चार बाळंतपणे झाली, त्यांतील दोन घरी. सारा जन्म माशांच्या टोपल्या उचलण्यात गेला, आजही बाजारात बसते. गेल्या वर्षापासून तिचे अंग बाहेर येते. सकाळी ठीक असते, संध्याकाळी खाली गोळा हाताला लागतो, झोपले की आत जातो. लघवी पूर्ण झाल्यासारखी वाटत नाही. आम्हाला वर्षभर तिने सांगितलेच नाही. एका दवाखान्यात पाहताक्षणी 'पिशवी काढून टाका' म्हणाले. ऑपरेशनला आई घाबरते. दुसरा उपाय आहे का?

उत्तर : आहे, आणि तो तुम्हाला सांगितला गेला नाही याचे मला वाईट वाटते. चार बाळंतपणे, वर्षानुवर्षे उचललेले ओझे आणि पाळी गेल्यानंतर कमी झालेले इस्ट्रोजेन हे स्त्री-संप्रेरक, यांमुळे स्नायू आणि त्यांच्या जोडीने गर्भपिशवीला धरून ठेवणारे बंध ढिले पडतात. खाली येणारा गोळा पिशवीचाच असेल असेही नाही. पुढच्या भिंतीतून मूत्राशय किंवा मागच्या भिंतीतून गुदाशयही उतरतो. म्हणून आधी तपासणी करून काय उतरले आहे आणि किती उतरले आहे हे लिहून घ्यावे. लघवी पूर्ण होत नसल्याने लघवीनंतरची सोनोग्राफीही करून घ्या. उतरलेल्या मूत्राशयाने मूत्रमार्गाला मुरड पडली, तर लघवी मागे राहते आणि वारंवार संसर्ग होतो.

अंग बाहेर येणे हे त्रासदायक असले तरी बहुधा जिवावरचे दुखणे नसते, त्यामुळे निर्णयाला वेळ घेता येतो. गोळा थोडाच उतरला असेल तर देखरेखीखाली केलेल्या व्यायामाने जडपणा कमी होतो. जास्त उतरला असेल तर पेसरी नावाची सिलिकोनची किंवा प्लास्टिकची रिंग योनीत बसवता येते. ती आतले अवयव जागेवर तोलून धरते, भूल द्यावी लागत नाही, योग्य मापाची बसली तर घातल्याची जाणीवही राहत नाही आणि आई बाजारात बसू शकते. दर तीन ते सहा महिन्यांनी ती काढून, धुऊन, योनीला कोठे घर्षण झाले नाही ना हे पाहून पुन्हा बसवायची असते. बसवली आणि विसरून गेले, असे मात्र होऊ देऊ नये. सोबत डॉक्टरांच्या सल्ल्याने योनीत लावायचे इस्ट्रोजेनचे मलम दिले जाते. गोळ्यावर जखम झाली, रक्त दिसले किंवा लघवी अडली, तर त्याच दिवशी रुग्णालयात न्या. पाळी गेल्यानंतरचे रक्त कधीही अंगावर काढू नये.

शस्त्रक्रिया करावी लागली तरी एक गोष्ट लक्षात ठेवा. पिशवी काढणे आणि ढिला पडलेला आधार दुरुस्त करणे ही दोन वेगळी कामे आहेत. आईंच्या वयात दोन्ही एकत्र करणे ही रूढ आणि योग्य शस्त्रक्रिया आहे. पण आधाराची दुरुस्ती न करता नुसती पिशवी काढली, तर काही वर्षांनी योनीचा वरचा भागच खाली येऊ शकतो. म्हणून डॉक्टरांना नेमके विचारा, 'आधार कसा दुरुस्त करणार?' पिशवी राखून तिला वर बांधण्याच्या शस्त्रक्रियांत तर मुंबईचा वाटा जुना आहे, डॉ. वि. ना. शिरोडकर आणि डॉ. पुरंदरे या येथील दोघा शल्यविशारदांच्या नावाने अशा शस्त्रक्रिया ओळखल्या जातात, आणि तरुण वयात अंग उतरलेल्या, पुढे मूल हवे असलेल्या स्त्रियांसाठी त्या विशेष उपयोगी पडल्या. योनीमार्गे जाळी बसवण्याचा सल्ला कोणी दिला, तर दुसऱ्या तज्ज्ञाचे मत घ्यावे. अंग उतरण्यावर अशा रीतीने बसवायच्या जाळ्यांची विक्री अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१९ मध्ये थांबवली.

तोपर्यंत टोपली एकटीने उचलू देऊ नका. दोघींनी धरून, गुडघे वाकवून, श्वास बाहेर सोडत उचलावी. श्वास रोखून उचललेले ओझे सारे खाली दाब देते. बद्धकोष्ठ आणि जुना खोकला असेल तर त्यावर आधी उपचार करा. दुपारी अर्धा तास उताणे, कमरेखाली उशी घेऊन पडल्यास संध्याकाळचा जडपणा कमी होतो. आईंनी वर्षभर सांगितले नाही म्हणून त्यांना बोल लावू नका, पुढच्या भेटीला मात्र तपासणीच्या वेळी आत त्यांच्यासोबत राहा.

प्रश्न : मी ६७ वर्षांचा, गिरगावात राहतो. प्रोस्टेटच्या कर्करोगामुळे तीन महिन्यांपूर्वी संपूर्ण ग्रंथी काढली. नळी काढल्यापासून उठताना, खोकताना लघवी गळते. सकाळपेक्षा संध्याकाळी जास्त. दिवसाला तीन पॅड लागतात, त्यामुळे चौपाटीवर फिरायला जाणे सोडले. हे सदर स्त्रियांसाठी असले तर क्षमस्व.

उत्तर : हे सदर सर्वांसाठी आहे, आणि तळाचे स्नायू पुरुषांनाही असतात, हे पुरुषांना बहुधा अशा शस्त्रक्रियेनंतरच कळते. लघवी अडवण्याचे काम करणारी आतली व्यवस्था ग्रंथीसोबत जाते आणि सारा भार बाहेरच्या स्नायूवर व त्याला साथ देणाऱ्या तळाच्या थरावर येतो. दिवसभर काम करून तो थकतो, म्हणून संध्याकाळी गळती वाढते. तीन महिन्यांत हे होणे अपेक्षितच आहे. पहिल्या वर्षभरात बहुतेकांची गळती बरीच कमी होते.

व्यायाम पहिल्या उत्तरात दिला आहे तसाच करावा. खूण एवढीच वेगळी की आवळताना शिश्न किंचित आत ओढले गेल्यासारखे आणि अंडकोष वर उचलले गेल्यासारखे जाणवले पाहिजे. उभ्याने आरशात पाहिल्यास ही हालचाल दिसते. खुर्चीतून उठण्याआधी आवळा, उठा, मग सोडा. लघवी झाल्यावर चड्डीत पडणाऱ्या थेंबांसाठी अंडकोषामागच्या भागावर बोटांनी हलकेच दाब देऊन तो पुढे सरकवत आणावा. मार्गात राहिलेले थेंब तेथेच निघून जातात. पाणी कमी करू नका. फिरायला सकाळी जा, तेव्हा स्नायू ताजे असतात. चांगल्या प्रतीचे, पुरुषांसाठी बनवलेले पॅड औषधाच्या दुकानात मिळतात. त्यांची संख्या आणि वजन आठवड्यातून एकदा लिहून ठेवा, म्हणजे सुधारणा होते आहे की नाही हे मूत्रविकारतज्ज्ञांना दाखवता येईल. वर्षानंतरही गळती पुष्कळ राहिलीच, तर पुरुषांसाठीची स्लिंग (मूत्रमार्गाला खालून आधार देणारी पट्टी) किंवा मूत्रमार्गाभोवती बसवायचा कृत्रिम स्फिंक्टर (लघवी अडवणारी झडप), हे दोन शस्त्रक्रियेचे पर्याय त्यांच्याशी बोलावेत.